हो वर, नको खाली

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे आणि सध्या आडवा पडून आहे. एका शिलाई मशीनच्या खणात माझा मुक्काम असतो. शेजारी रिकामी बॉबिनं आहेत, मोजमापाची गुंडाळलेली टेप आहे आणि कापडावर खुणा करायचा एक झिजलेला खडू आहे. माझ्या काचेला कोपऱ्यात तडा गेला आहे. बॅटरी म्हणाल तर चार्जर काढला की थोड्याच वेळात मान टाकते. पण एक गोष्ट मला अजून पक्की कळते. जमीन कोणत्या बाजूला आहे ती.

हसू नका. तुमच्या घरातल्या मोबाइललाही ते कळतं. आमच्या पोटात एक इवलासा तुकडा असतो. गवंडी भिंत सरळ आहे की नाही हे ओळंबा सोडून बघतो ना, तसाच तो आमचा ओळंबा. खाली कुठे, वर कुठे, हे तो सारखं सांगत राहतो. तुम्ही आम्हाला उभं धरलंत की आम्ही अक्षरं त्याप्रमाणे मांडतो, आडवं केलंत की सगळा मजकूर फिरवून पुन्हा सरळ करतो. तुम्ही त्याला ऑटो रोटेट म्हणता. मी त्याला माझं इमान म्हणायचो. जमिनीशी मी कधी खोटेपणा केला नाही, याचा मला केवढा अभिमान होता! त्या अभिमानापायी एका घरात काय होऊन बसलं, ते आज तुम्हाला सांगतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. हातमोजे घातलेल्या हातांनी माझे अवयव बसवले, एका यंत्राने मला चहूबाजूंनी फिरवून पाहिलं आणि मग मला खोक्यात घातलं. त्यापलीकडे मला बालपण आठवत नाही. खोकं उघडलं तेव्हा मी एका छोट्या ऑफिसात होतो. खाली छपाईचं दुकान, वरच्या मजल्यावर पाच-सहा टेबलं. तिथे मोबाइलवरची ॲप बनवली जात. बनवलेलं ॲप नीट चालतं की नाही हे आधी माझ्यावर चालवून बघायचं, हे माझं काम. दिवसभर मला उभं करत, आडवं करत, उलटं धरत, खाली-वर हलवत. माणूस असतो तर मला भोवळ आली असती. सगळ्यांनी माझं नाव भोवरा ठेवलं आणि तेच कायम झालं.

त्या ऑफिसात एक ताई होती. ॲपमधली कोणती स्क्रीन कशी वागेल हे ठरवणं तिच्याकडे असे. तुम्हाला वाटेल, त्यात काय ठरवायचं? पण एका ॲपमध्ये पुष्कळ स्क्रीन असतात आणि प्रत्येकीचा स्वभाव वेगळा. चित्रफीत बघायची ती आडवीच बरी. नाव-पत्ता भरायची ती उभीच सोयीची. फोटोंची असेल तर ती मोकळी सोडावी, जशी धराल तशी फिरू द्यावी. सगळ्यांना एकच नियम लावून चालत नाही. घर एक असलं तरी स्वयंपाकघरात वेगळं वागायचं आणि झोपायच्या खोलीत वेगळं, असं ताई नव्या मुलांना समजावून सांगायची. आणि काम हातावेगळं झालं की मला थोपटून म्हणायची, भोवऱ्यावर चाललं म्हणजे आता कुठेही चालेल. मित्रांनो, एवढ्या कौतुकावर मी कितीतरी दिवस काढले.

मग नवे मोबाइल आले. ते माझ्याहून रुंद होते, चपळ होते. कुणाच्या तरी कोपराचा धक्का लागून मी खाली पडलो आणि माझ्या काचेला तडा गेला. त्यानंतर मला कुणी हाक मारीना. गुंता झालेल्या वायरींच्या खालच्या कप्प्यात मी धूळ खात राहिलो. एक दिवस ताईने कप्पा उघडला, मला बाहेर काढलं आणि घरी नेऊ का म्हणून साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, ने बापडी, नाहीतरी तो भंगारातच जायचाय. मला वाईट वाटलं, पण निघताना साहेबांनी माझा चार्जर शोधून तिच्या हातात ठेवला, तेव्हा थोडं बरंही वाटलं.

ताईने मला तिच्या आईसाठी नेलं होतं.

आई कपडे शिवायची. जन्मभर तिने गल्लीतल्या निम्म्या घरांचे कपडे शिवले. तिची एक खोड सगळ्यांना ठाऊक होती. कापड समोर आलं की कात्री लावण्याआधी ती त्याचा उभा धागा कोणता आणि आडवा कोणता हे दोन बोटांत ताणून बघायची. घाई असलेलं गिऱ्हाईक कुरकुरलं तरी बघायचीच. उभ्याचं आडवं झालं तर अंगावर कपडा वाकडा पडतो, मग माझ्या नावाने खडे फोडाल, असं ती सुनवायची. तिची जीभ कात्रीपेक्षा धारदार, पण मनाने ती तितकीच मऊ होती.

मी घरात गेलो तेव्हा ती जीभ थांबली होती. आईला नसांचा आजार झाला होता. आधी पाय गेले, मग हात, मग आवाज. डाव्या हाताचं एक बोट तेवढं तिच्या ताब्यात उरलं होतं. उताणं झोपलं की तिला श्वास घेणं जड जाई, म्हणून ती दिवसभर उजव्या कुशीवर असे. समोर तिचं शिलाई मशीन, खिडकी आणि दार. तिचा धाकटा मुलगा तिचं सगळं करायचा. तो वायरिंगची कामं घेणारा इलेक्ट्रिशियन. आईसाठी त्याने लांबची कामं सोडून दिली होती. त्यानेच जुन्या टेबल-लॅम्पचा वाकणारा दांडा खाटेला बसवला आणि त्याच्या टोकाला चिमटा लावून मला त्यात पकडलं. माझं डोकं आईच्या डोक्याच्या दिशेने आणि पाय तिच्या हनुवटीच्या दिशेने. म्हणजे तिला मी सरळ दिसायला हवा होतो.

पण मी जमिनीचा इमानी ना! मी आडवा धरलेला आहे हे मला लगेच कळलं आणि मी सगळी अक्षरं फिरवून जमिनीच्या मानाने सरळ केली. झालं, ती आईला वाकडी दिसू लागली. त्यात तिला चष्माही लावता येत नसे. कुशीवर झोपलं की चष्म्याची दांडी उशीत रुतते, कानाला टोचते. त्यामुळे अक्षरं तिला धूसरच दिसत. चौकोन दाबला की त्यातला शब्द मी मोठ्याने बोलायचो, आणि कुठला चौकोन कशाचा हे ती जागेवरून ओळखायची. वरचा चौकोन पाण्याचा, त्याच्या खालचा कूस बदलण्याचा, असं. आणि मी तर जागाच बदलून टाकायचो. पहिल्या दिवशी तिने पाणी मागितलं आणि मी खणखणीत आवाजात म्हणालो, "दार लाव." धाकट्याने दार लावलं. तिने पुन्हा पाणी मागितलं. मी पुन्हा तेच म्हणालो. दार तर लावलेलंच होतं. बिचाऱ्याने ते उघडून पुन्हा नीट लावलं. आईच्या डोळ्यांत हसू आलं, पण घसा कोरडाच राहिला.

धाकटा म्हणाला, हे फिरणं कायमचंच बंद करून टाक ना. पण तेवढ्याने भागत नव्हतं. आईला कधी मनातलं सविस्तर लिहायचं असे. त्यासाठी मोठी अक्षरं हवीत, म्हणून लिहायची स्क्रीन आडवीच हवी. त्या वेळी धाकटा चिमटा पाव वळण फिरवून द्यायचा. फोटो बघताना तो मला हातात घेऊन बसे, मग मी मोकळा असलेला बरा. शेवटी ताईने आईसाठी वेगळं ॲप लिहायला घेतलं आणि प्रत्येक स्क्रीनला तिचा तिचा नियम दिला. बोलायचा फळा, म्हणजे त्या चौकोनांची स्क्रीन, उभा बांधलेला, कसाही धरला तरी न फिरणारा. लिहायची स्क्रीन आडवी बांधलेली. फोटोंची मोकळी. आणि एक स्क्रीन फक्त दोन शब्दांची. वरच्या अर्ध्या भागात हो, खालच्या अर्ध्या भागात नको. रंग आईच्या डोळ्यांना टोचायचे, म्हणून सगळं पांढऱ्यावर काळं. हो वर, नको खाली, हे आईने पहिल्याच दिवशी मनात पक्कं केलं.

ताई प्रत्येक बदल आडवं होऊन तपासायची. मला ऑफिसात नेऊन तिथल्या बाकावर उजव्या कुशीवर झोपायची, मला डोळ्यांसमोर धरायची आणि एका बोटाने चालवून बघायची. बाकीचे चिडवायचे की ताईंना झोपायचा पगार मिळतो. ती हसायची आणि तशीच पडून राहायची. आई जशी बघते तसं बघितल्याशिवाय काम झालं असं ती म्हणत नसे. एकच दिवस सोडला तर, त्याचं पुढे सांगतो.

बोलायच्या फळ्याने घरात पुन्हा आईचा आवाज आला. आवाज माझा होता, पण सांगणं तिचं होतं. शेजारच्या काकू रोज येऊन तिच्याशी गप्पा मारायच्या. एकदा तिने कुणाच्या तरी बाहीकडे बघून लिहिलं, "वाकडी शिवलीय." काकूंनी कपाळाला हात लावला. धाकटा म्हणाला, आई परत आली. ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस होते.

पण आजार थांबला नव्हता. श्वास दिवसेंदिवस आखूड होत चालला. एक दिवस डॉक्टरबाई घरी येणार होत्या. गळ्याला छेद देऊन नळी बसवायची आणि श्वासाचं यंत्र जोडायचं, असा एक मार्ग होता. नळी बसवली तर आई जगेल, बरीच जगेल. पण त्या यंत्राशी बांधलेली, दवाखान्यातल्या खाटेवर. नाही बसवली तर घरीच, जेवढे दिवस मिळतील तेवढे. निर्णय आईचा, असं डॉक्टरबाईंनी आधीच बजावून ठेवलं होतं. ताईला आई हवी होती. कशीही हवी होती. ती ते बोलून दाखवत नसे.

त्या सकाळी ताईच्या मनात आलं की आईची दमछाक वाचवावी. तोवर फळ्यावरून हो-नकोच्या स्क्रीनवर जायचं तर आधी पहिल्या पानावर, जिथून सगळ्या स्क्रीन उघडतात तिथे, परत यावं लागे. ताईने फळ्यावरच एक छोटं बटण ठेवलं. ते दाबलं की थेट हो-नको. चहा बाजूला निवत ठेवून, टेबलाशी बसून तिने ते घाईघाईत केलं. मला हातात उभं धरून एकदा दाबून पाहिलं. फळा गेला, हो-नको आलं. मी जराही हललो नाही. कसा हलणार? मी उभा होतो, जमीन माझ्या पायाशी होती. ताई म्हणाली, झालं, मला चिमट्यात लावलं आणि नवं बटण कुठे आहे ते आईला सांगितलं. आणि दारात डॉक्टरबाईंची पावलं वाजली.

आता नीट ऐका. ताईने प्रत्येक स्क्रीनला दोन गोष्टी शिकवल्या होत्या. येताना आपला नियम लावायचा. जाताना तो काढून टाकायचा, म्हणजे पुढच्या स्क्रीनला त्याचा जाच नको. ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं! पण आमच्या पोटात नवी स्क्रीन आधी येते आणि जुनी तिच्यामागून निघते. म्हणजे आत आलेल्याने दाराला कडी लावावी आणि बाहेर जाणाऱ्याने ती निघता निघता काढून जावी, तसं ते झालं. पहिल्या पानाला मुळात काही नियमच नव्हता, त्यामुळे जाताना त्याने काही काढलं नाही आणि इतके दिवस काही बिघडलं नाही. फळ्यावरून थेट हो-नकोवर जायची वाट मात्र त्या दिवशी पहिल्यांदाच उघडली होती.

डॉक्टरबाई मशीनपुढच्या स्टुलावर बसल्या. आईच्या डोळ्यांकडे बघत त्यांनी सगळं पुन्हा एकदा सावकाश सांगितलं. काही लपवलं नाही, काही वाढवलं नाही. मग विचारलं, "नळी बसवायची का?"

आईने छोटं बटण दाबलं. हो-नको आलं, त्याने कडी लावली. मागून फळा निघाला आणि शिकवल्याप्रमाणे कडी काढून गेला. मला आता कुणी धरून ठेवलं नव्हतं. जमीन माझ्या उजव्या कडेला होती. मी जन्मापासून करत आलो तेच केलं. मी फिरलो. एकाखाली एक असलेले दोन शब्द शेजारी शेजारी आले, आणि त्या उशीवर टेकलेल्या डोळ्यांसाठी जिथे नको होतं तिथे हो आलं. चष्मा नसलेल्या आईला पूर्वीसारखेच दोन पांढरे चौकोन दिसत होते, एक वर, एक खाली. तिचं बोट निघालेलंच होतं. ते खाली टेकलं.

आणि मी खणखणीत आवाजात म्हणालो, "हो."

ताईचा जीव भांड्यात पडला. ती आईच्या खांद्यापाशी डोकं ठेवून रडायला लागली. इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर आलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, परवा दाखल करू, मी खाटेचं बघते. धाकटा त्यांना सोडायला बाहेर गेला. आईचं बोट पुन्हा उचललं गेलं. माझ्यासमोर ते जरा वेळ थांबलं. तिचे डोळे ताईच्या केसांकडे वळले. मग ते बोट हळूच चादरीवर परत गेलं. मी हे सगळं पाहिलं, पण त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईचा डोळा लागला होता. दवाखान्याची पिशवी भरून दारापाशी ठेवली होती. ताईने खाटेशेजारी सतरंजी टाकली. दवाखान्यात लागतील असे चार नवे शब्द फळ्यावर घालायचे म्हणून तिने मला चिमट्यातून काढलं आणि आपल्या सवयीप्रमाणे उजव्या कुशीवर पडली. शब्द घातले. बघू चालतंय का, म्हणून छोटं बटण दाबलं. मी तिच्या हातात फिरलो.

ती उठून बसली. तेच पुन्हा केलं. बसल्यावर मी शहाण्यासारखा गप्प. ती पुन्हा आडवी झाली. मी पुन्हा फिरलो. तिने बोट खाली नेलं आणि माझा आवाज आला, "हो." 

मित्रांनो, त्या वेळी तिला कुणी पाहत नव्हतं. ती ते गुपचूप दुरुस्त करू शकली असती. मूग गिळून बसली असती तर दुसऱ्या दिवशी आई दवाखान्यात गेली असती, नळी बसली असती आणि ताईला आई मिळाली असती. त्यात वाईट ते काय होतं? आणि कोण सांगावं, आईला खरंच हो म्हणायचं असेल, बोटच चुकून खाली गेलं असेल. ताईने हा सगळा विचार केला असणार. कारण तिने मला मुठीत इतकं घट्ट धरलं की माझी काच करकरली. खाटेवरून आईच्या श्वासाचा आवाज येत होता. तो ऐकत ती बराच वेळ बसून राहिली.

मग ती उठली आणि स्वयंपाकघरात गेली. धाकटा भांडी घासत होता. ताईने त्याला सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता. त्याने नळ बंद केला. हात पुसले. मग तो म्हणाला, "मलाही तिचं हो हवं होतं गं. पण ताई, कालपासून ती माझ्याकडे बघतच नाहीये."

 ताई टेबलाशी बसली आणि तिने तो नियमच बदलून टाकला. जाणाऱ्या स्क्रीनने कडीला हात लावायचा नाही. येणारीने आपलं आपण सांगायचं, मग ती पहिल्यांदा येवो की परतून येवो. फोटोंच्या स्क्रीनलाही आता स्वतःच सांगावं लागणार होतं की मी मोकळी आहे. मग ताई सतरंजीवर आडवी झाली आणि प्रत्येक वाटेने जाऊन आली. मग धाकटा आडवा झाला. मला हलवलं, तिरकं केलं, झटका दिला. आपलं वय विसरून दोघं भाऊबहीण जमिनीवर कुशीवर पडली होती आणि एकमेकांच्या हातातून मला घेत होती. मी एकदाही फिरलो नाही. जमीन मला ओढत होती, पण माझी कडी पक्की होती.

आई जागी झाली. धाकट्याने मला चिमट्यात बसवलं. ताई स्टुलावर बसली नाही. ती खाटेशी गुडघे टेकून बसली आणि तिने आपला गाल आईच्या उशीच्या कडेला टेकवला, म्हणजे दोघींचे चेहरे एका रेषेत आले. तिने सांगितलं की काल स्क्रीन फिरली होती, ती चूक तिच्या कामातली होती, म्हणून कालचं उत्तर धरायचं नाही.

"आई, मी पुन्हा विचारते," ती म्हणाली. "तू जे सांगशील ते होईल. नळी बसवायची का?"

बटण दाबलं गेलं. फळा गेला, हो-नको आलं आणि जिथल्या तिथे राहिलं. माझ्या पोटातला ओळंबा ओरडून सांगत होता, जमीन या बाजूला आहे, फिर. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याचं ऐकलं नाही. आईचं बोट उचललं गेलं. ते वर गेलं नाही. सावकाश खाली आलं आणि तिथेच टेकून राहिलं.

मी म्हणालो, "नको."

मला आवाज हळू करता आला असता तर मी केला असता. ताईने डोळे मिटले. पण गाल उशीवरून उचलला नाही. थोड्या वेळाने आईने लिहिण्याची खूण केली. धाकट्याने चिमटा पाव वळण फिरवला. आईने एकेक अक्षर शोधून लिहिलं आणि ताईने ते वाचलं. "कालही नकोच होतं. तू रडलीस. राहू दिलं."

ताईने विचारलं, मग आज का सांगितलंस? आईचं बोट दमलं होतं. तरी तिने लिहिलं, "काल डॉक्टरांनी विचारलं. आज तू विचारलंस."

दारापाशी ठेवलेली पिशवी धाकट्याने उचलून आत नेली. ताईने डॉक्टरबाईंना कळवलं. त्या रागावल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी दोघांना आईचा श्वास हलका कसा करायचा, उशा कशा लावायच्या, सगळं दाखवलं. ताईने रजा टाकली आणि ती घरी राहिली. आईने तिला मशीनवर बसवलं. ताईला शिवणातलं ओ की ठो कळत नव्हतं. उशीचा अभ्रा शिवायला घेतला तर त्याची पिशवी झाली. फळ्यावर एक नवा शब्द घालावा लागला, "उसव." मी तो दिवसातून इतक्यांदा म्हणायचो की काकूंना दारातूनच हसू यायचं. शेवटी एक अभ्रा बरा झाला. आईने तो डोळ्यांजवळ आणायला लावला, बराच वेळ निरखला आणि लिहिलं, "धागा बरोबर आहे." ताईला ऑफिसात कितीही शाबासकी मिळाली असेल, तिचा चेहरा असा फुललेला मी कधी पाहिला नव्हता.

मग आईला लिहिणंही जमेना. फळाही जड होऊ लागला. हो आणि नको एवढंच उरलं. एका पहाटे श्वास फार आखूड झाला. धाकटा उशाशी होता. ताई खाटेशी गुडघ्यांवर बसली होती, गाल उशीच्या कडेला. तिने विचारलं, "मी इथेच बसू का?"

बोट उचलायला आईला फार वेळ लागला. दोघंही थांबली, कुणी तिचा हात धरून नेला नाही. ते बोट वर गेलं. वरच टेकलं. मी म्हणालो, "हो." त्या घरात मी आईच्या वतीने बोललेला तो शेवटचा शब्द.

आता ते ॲप पुष्कळ ठिकाणी आहे म्हणतात. दवाखान्यांत आहे, घराघरांत आहे, नव्या रुंद मोबाइलवर आहे. माझ्यावर आता नवं काही बसत नाही. ताईने मला भंगारात दिलं नाही. आईच्या मशीनच्या खणात ठेवलं. कधीमधी ती मला चार्ज करते, सतरंजीवर उजव्या कुशीवर पडते आणि हो-नकोची स्क्रीन उघडते. काही दाबत नाही. नुसती बघत राहते. मी फिरत नाही.

मित्रांनो, मला खणातून बाहेर काढा असं माझं मागणं नाही. माझं काम झालं. पण तुमच्या घरात कुणी आजारी असेल, म्हातारं असेल, ज्याला बोलायला वेळ लागतो असं कुणी असेल, तर त्याला उभ्या उभ्या विचारू नका. त्याच्या उशीवर आपला गाल टेकवून बघा, त्याला कुठलं वर दिसतं आणि कुठलं खाली. मग विचारा. आणि उत्तर तुमच्या मनासारखं आलं, तुमचा जीव भांड्यात पडला, की लगेच रडू नका, लगेच हसू नका. समोरचं बोट पुन्हा उचललं जातंय का, तेवढं जरा थांबून बघा.